मेलेला गडी जिवंत कधी होतो?

१९२० सालचा वैशाख. ऊन कलले आहे, तरी बारामतीजवळच्या काटेवाडीच्या शिवारातली माती अजून तळव्यांना चटके देते आहे. तुम्ही इंदापूर तालुक्यातल्या एका जिरायत गावचे गडी, वय वीस-बावीस. पहाटे भाकरी फडक्यात बांधून आठ जोडीदारांसह नीरेच्या डाव्या कालव्याच्या कडेने चालत आलात. या कालव्याला पाणी सुटून पस्तीसेक वर्षे झाली. बारामतीच्या अंगाला ऊस उभा आहे, गुऱ्हाळांचा वास येतो आहे. तुमच्या माळावर अजून जोंधळा आणि करडई. यात्रेचा दुसरा दिवस आहे. संध्याकाळी कुस्त्या, आणि कुस्त्यांच्या आधी हुतुतू.

मैदान म्हणजे नांगरून, ढेकळे फोडून, पाणी शिंपडून सारखे केलेले रान. मध्यरेषा राखेने ओढली आहे. बाजूच्या रेषा नाहीतच. माणसे दाटीवाटीने बसली आहेत, त्यांच्या गुडघ्यांपाशी मैदान संपते. किती लांब, किती रुंद, हे कुणी मोजलेले नाही. दोन्हीकडे नऊ-नऊ गडी, कारण तुम्ही नऊ जण आलात. दहा आला असतात तर दहा-दहा झाले असते.

तुमचा पहिला दम चांगला गेला. एकाच्या छातीला हात, दुसऱ्याच्या पायाला पाय, आणि श्वास न तुटता परत. दोन गडी मेले. पुढच्या दोन-चार चढायांत आणखी तिघे गेले. आता समोर चारच उरले, फळी मोकळी पडली, आणि तुम्ही लोण चढवायच्या बेतात आहात. एवढ्यात त्यांच्या एकाने तुमचा एक गडी मारला आणि बाहेर बसलेला त्यांचा गडी धोतर झटकत उठून थेट आत येऊन उभा राहिला.

"तात्या, हे काय? मेलेला गडी आत कसा आला?"

"आला म्हंजे? तुमचा एक मेला, आमचा एक जिता झाला. अशीच रीत हाय."

"आमच्यात न्हाई तसं. आमच्यात समदी फळी बसंस्तवर मेलेला उठत न्हाई."

"तुमच्यात काय बी असंल पोरा. हितं आमच्या गावची रीत."

माणसे हसतात. तुमचा सर्वांत थोरला गडी कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि म्हणतो, मग आम्ही खेळतच नाही. देवस्थानचे पाटील मध्ये पडतात. गाव त्यांचे, यात्रा त्यांची, नारळ त्यांचा. तुम्ही त्यांच्या रीतीने खेळता आणि हरता. परत जाताना कालव्याच्या काठावर नऊ जणांत एकच विषय: आपण हरलो की आपली रीत हरली?

हा प्रसंग मी कल्पनेने उभा केला आहे, पण त्यातला तंटा खरा आहे. हुतुतूच्या, म्हणजे आजच्या कबड्डीच्या, तीन रीती महाराष्ट्रात जाणकारांना ठाऊक होत्या. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक बाद गडी परत येतो. गामिनीत बाद झालेला बाहेरच राहतो, सगळी फळी बाद होऊन लोण लागेपर्यंत. अमर रीतीत गडी बाद झाला तरी जागा सोडत नाही. समोरच्याला गुण मिळतो आणि खेळ चालू राहतो. वरवर पाहता हा बारीकसारीक फरक वाटेल. पण मेलेला गडी जिवंत कधी होतो, या एका प्रश्नावर सगळा खेळ बदलतो. गामिनीत पहिला गडी गमावलेला संघ हळूहळू चेपला जातो. संजीवनीत शेवटचा एकटा गडीसुद्धा एका चढाईत तिघांना उठवून आणू शकतो. अमरमध्ये बळ गुणांच्या बेरजेला येते आणि फळी कधी रिकामी दिसतच नाही.

आणखी एक गोष्ट त्या वैशाखात तुमच्या नजरेत भरली असेल. मैदानावर घड्याळ नाही. चढाई किती वेळ चालायची, हे चढाई करणाऱ्याचे फुप्फुस ठरवते. पंच म्हणून उभा असलेला माणूस कान पुढे करून त्याच्या मागोमाग सरकतो आहे. 'दम तुटला', 'नाही तुटला' यावर निम्मी भांडणे. लांब दमाचा गडी मध्यरेषेजवळ रेंगाळत राहतो, कुणाला हात लावत नाही, परत येतो. पुन्हा दुसरा तसाच जातो. सूर्य मावळेपर्यंत पुढे असलेला संघ अशीच वेळ काढतो आणि माणसे कुस्त्यांच्या हौद्याकडे सरकू लागतात.

भांडण न होता हुतुतू खेळला गेलेला पाहायचा तर आषाढात या. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी अशी इंदापूरला येते. मुक्कामाला, विसाव्याला वारकरी फुगडी घालतात, हुतुतू खेळतात. तुकोबांच्या गाथेत हमामा, हुतुतू, टिपरी या खेळांवरचे अभंग आहेत. तिथे पंच लागत नाही, कारण कुणाला जिंकायचे नाही. पण एका गावाला दुसऱ्या गावावर जिंकायचे असेल तर रीत लिहून काढावीच लागते. आणि लिहून काढायची तर कुणाची लिहायची?

आता तीनच वर्षे पुढे, आणि थेट बडोद्याला. १९२१ मध्ये महाराष्ट्रात संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालून नियमांचा एक आराखडा तयार झाला होता. १९२३ मध्ये खास समिती बसली, तिने तो तपासला, दुरुस्त केला, आणि त्याच वर्षी बडोद्यात झालेल्या अखिल भारतीय सामन्यांत हे सुधारलेले नियम लागू झाले. तुम्ही गर्दीत मागे उभे आहात. इथे मध्यरेषा चुन्याची आहे आणि बाजूच्या रेषाही आहेत. बाहेर पाय पडला की गडी बाद. काटेवाडीत तुमच्या गड्याने लोकांच्या मांडीवर पाय देऊन सुटका करून घेतली होती. इथे तसे चालत नाही. हिंद विजय जिमखान्याने छापलेले नियम पंचांच्या हातात आहेत. निर्णय झाला की दोन्ही संघांचे म्होरके त्या कागदाकडे बघतात. गावच्या पाटलाकडे बघायची सवय मोडायला सुरुवात झाली ती इथून. एकदा लिहिले आणि संपले असे झाले नाही, हेही लक्षात घ्या. लिहिले, खेळून पाहिले, दोन वर्षांत पुन्हा उघडून दुरुस्त केले.

बडोद्याहून नियम बारामतीला यायला वेळ लागतो. १९३५ च्या आसपास उतरा. बारामतीहून दौंडला जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी धापा टाकत निघाली आहे. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला आहे. तुमच्यासमोर बसलेले शाळामास्तर पुण्याहून येताना अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने काढलेली देशी खेळांच्या नियमांची पुस्तिका घेऊन आले होते. आज ती परत करायला निघाले आहेत आणि त्याआधी वहीत उतरवून घेत आहेत. गाडी हलते, टाक अडखळतो, ते पुन्हा वाचतात. खो-खो, आट्यापाट्या, लंगडी, हुतुतू. या मंडळाने त्या काळात देशी खेळांसाठी जे केले ते फार मोठे आहे, आणि त्याची आठवण आपण पुरेशी ठेवत नाही. शाळेच्या मैदानावर तासाच्या ठोक्यात बसणारा, ठरावीक गड्यांचा, ठरावीक मापाच्या मैदानाचा खेळ त्या पुस्तिकांनी घडवला. मास्तरांच्या वहीतून तो बारामतीच्या शाळेत गेला, तिथून सुट्टीत घरी गेलेल्या मुलांबरोबर सणसरला, लासुर्ण्याला, भिगवणला. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतुतूचे प्रात्यक्षिक दाखवले. परदेशातल्या प्रेक्षकाला वीस-पंचवीस मिनिटांत खेळ कळावा लागतो. 'आमच्या गावची रीत' तिथे कामाची नाही.

पन्नासच्या दशकातून भराभर चला. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा, १९५५ मध्ये कलकत्त्याला महिलांची. याच काळात एक मोठा निर्णय पक्का झाला: मेलेला गडी जिवंत होणार. संजीवनी जिंकली. माझ्या मते या खेळाच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय. गामिनीतला संयम सुंदर होता, तोल सांभाळत शेवटच्या दोन गड्यांनी दिलेली झुंज पाहण्यासारखी असायची, पण बाद झालेला चांगला खेळाडू अर्धा डाव काठावर बसून राही. संजीवनीने त्याला परत आणले आणि शेवटच्या मिनिटापर्यंत सामना कुणाच्याही खिशात जाऊ दिला नाही. राष्ट्रीय स्पर्धेतून आलेला हा नियम खालपर्यंत झिरपला आणि काटेवाडीच्या तात्यांची बाजू, त्यांना कळण्याआधीच, देशभर मान्य झाली.

या सगळ्या काळात एक माणूस सतत दिसतो: शंकरराव साळवी, सगळ्यांचे बुवा. संघटना बांधणे, नियमांची एकवाक्यता, पंचांची शिबिरे, परदेशी संघांना खेळ शिकवणे, या कामात त्यांनी आयुष्य घातले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९७२ मध्ये भारतीय हौशी कबड्डी महासंघ आला, १९७८ मध्ये भिलाईला आशियाई महासंघ झाला. बारामतीशी या संघटनेचे एक थेट नातेही आहे: काटेवाडीच्या पवार घराण्यातले शरद पवार महाराष्ट्र कबड्डी संघटनेचे अध्यक्ष होते. राजकारणाची बाब बाजूला ठेवून बघा. मातीतल्या खेळाला मोठे पाठबळ मिळाले की मैदाने होतात, दिवे लागतात, मुलांना नोकऱ्या मिळतात. ते पश्चिम महाराष्ट्रात घडले.

१९८० च्या सुमारास जरा थांबा. उजनीचे धरण पूर्ण झाले आहे. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला भीमेचे पाणी चढत आले आणि पळसदेवचे जुने गाव पाण्याखाली गेले. पळसनाथाचे मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेवढे वर दिसते. नव्या गावठाणात अजून झाडे नाहीत, सावली नाही, रस्ते कच्चे. पण शाळेमागच्या मोकळ्या जागेत पोरे मैदान आखत आहेत. एका पोराच्या हातात खुंटी, दुसऱ्याच्या हातात गाठी मारलेली सुतळी. पहिली गाठ मध्यरेषेची, पुढची निदान रेषेची, शेवटची टोकाची. "ताण की लेका, ढिली सोडू नको." सुतळी ताणली जाते, तिच्या कडेने फक्कीची धार पडते, आणि उघड्या माळावर एक काटकोन उमटतो. गाव गेले, देऊळ बुडाले, वावर गेले. मैदानाचे माप मात्र सुतळीत बांधून वर आणता आले. लिहिलेल्या नियमाची किंमत मला इथे सर्वांत जास्त जाणवते. 'आमच्या आळीच्या वडापासून विहिरीपर्यंत' एवढेच मैदान असते तर ते वडाबरोबरच गेले असते.

१९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचा मान मिळतो आणि भारत सुवर्ण जिंकतो. त्या संघात महाराष्ट्राचे अशोक शिंदे आहेत. महिलांची कबड्डी आशियाई खेळांत यायला २०१० उजाडले. वीस वर्षांचा हा उशीर खेळाच्या कारभाऱ्यांनी विसरू नये. कलकत्त्याला १९५५ मध्ये ज्या मुली खेळल्या त्यांच्या नातींनी ग्वांगझूत पहिले सुवर्ण पाहिले.

आणि मग २०१४ चा जुलै. बारामतीच्या एका वाड्यात टीव्हीसमोर तीन पिढ्या बसल्या आहेत. प्रो कबड्डी लीगचा पहिला हंगाम सुरू झाला आहे. मॅट रंगीत, दिवे झगझगीत, खेळाडूंच्या पायात बूट. आबा पुटपुटतात, "माती कुठंय?" पण दहाच मिनिटांत तेही पुढे सरकून बसतात, कारण खेळ थांबतच नाही.

तो का थांबत नाही, हे तिसऱ्या चढाईत कळते. वैशाखातल्या त्या यात्रेत पुढे असलेला संघ रिकाम्या चढाया करून सूर्य मावळवत होता, आठवते? ही खोड शतकभर गेली नव्हती. निदान रेषा ओलांडायची, कुणाच्या वाटेला जायचे नाही, परत यायचे. नियमात बसणारा पळ होता तो. आता दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाई करणारा बाद. तुम्ही आबांच्या शेजारी बसून पाहा. पहिली रिकामी चढाई: बचाव शांत. दुसरी रिकामी: उजवा कोपरा दोन पावले पुढे, मध्यरक्षक एकमेकांकडे बघतात. तिसऱ्या चढाईला चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो तेव्हा सातही जणांना ठाऊक असते की हा आज हात लावल्याशिवाय परत जाऊ शकत नाही. साखळी आवळते. त्यालाही ते ठाऊक असते. अर्ध्या मिनिटात दोघांपैकी एकाला चूक करावी लागते. एका वाक्याच्या नियमाने पळपुटेपणा खेळातून काढून टाकला. नियम बदलावेत तर असे: खेळ कुठे तुंबतो ते नेमके बघायचे आणि तिथेच बांध फोडायचा.

अव्वल पकडही तशीच. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना चढाई करणाऱ्याला धरले तर एक गुण जादा. पूर्वी तिघांवर आलेला संघ मनातून हरलेला असे; प्रशिक्षकच खुणावत की द्या लोण, पुन्हा सात होऊन खेळू. आता तेच तिघे सर्वांत धोकादायक. बोनस रेषेच्या जादा गुणाने भरल्या फळीसमोर चढाई करणाऱ्याला काहीतरी हाती लागू दिले. हे सगळे बदल मला मनापासून पटतात, आणि पूर्वीचीच कबड्डी खरी, असे म्हणणाऱ्या जुन्या मंडळींशी मी या बाबतीत सहमत नाही. त्यांच्या तरुणपणीही खेळ बदलतच होता.

पण एक गोष्ट मला सलते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली आणि मोजायचे काम दमाकडून घड्याळाकडे गेले. मर्यादा योग्यच होती. पण त्याबरोबर दमाकडे बघण्याची पंचांची नजर सैल झाली. मोठ्या सामन्यात मॅटच्या अगदी कडेला उभे राहा. गोंगाट, ढोल, निवेदकाचा आवाज. चढाईपटूचे ओठ हलताना दिसतात, कधी तेही दिसत नाहीत. नियमपुस्तकात दम अखंड आणि स्पष्ट ऐकू येईल असा हवा, असेच आहे. मग तो ऐकला का जात नाही? जगात पकडापकडीचे खेळ पुष्कळ आहेत. एका श्वासात शत्रूच्या घरात जाऊन त्याच श्वासात परत येण्याची अट असलेला हा खेळ आपला आहे. ही अट सोडली तर उरते ती पळापळ आणि झोंबाझोंबी. गावातल्या मैदानावर आजही पंच ओरडतो, "दम दाब!", आणि चढाईपटू घाबरून आवाज चढवतो. तो धाक वरच्या पातळीवर परत आला पाहिजे.

आता ७ ऑक्टोबर २०२३, चीनमधले हांगझू. आशियाई खेळांचा पुरुषांचा अंतिम सामना, भारत आणि इराण. गुण २८-२८, शेवटची दीड-एक मिनिटे. भारताच्या संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे आहेत. पवन सेहरावत तिसऱ्या चढाईला गेला आहे. तो राखीव क्षेत्रात, म्हणजे स्पर्श झाल्याशिवाय जाता येत नाही अशा बाजूच्या पट्ट्यात, जातो, इराणचे बचावपटू त्याच्यामागे झेपावतात, तेही राखीव क्षेत्रात. स्पर्श झाला होता का? झाला नसेल, तर जुन्या नियमाने मागे आलेले सगळे बचावपटू बाद आणि भारताला गुणांचे घबाड. नव्या नियमाने चढाईपटू स्वतःहून बाहेर गेला तिथेच चढाई संपली, मागून आलेल्यांना काही नाही. पंच एक निर्णय देतात, फिरवतात, पुन्हा फिरवतात. एकदा भारताचे खेळाडू मॅटवर बसतात, एकदा इराणचे. सामना तासभर थांबतो. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकतो.

सुवर्ण आपले आले, आनंद झालाच. त्याच दिवशी महिलांनीही सुवर्ण जिंकले होते. पुण्याची स्नेहल शिंदे त्या संघात होती. पण पुरुषांच्या सामन्यातला तो तास आठवला की मी अस्वस्थ होतो. खेळाडू तेच, मॅट तेच, आणि पुस्तके दोन. लीगमध्ये एक रीत, आंतरराष्ट्रीय सामन्यात दुसरी. तुम्ही काटेवाडीच्या रानात उभे राहून ऐकले होते तेच वाक्य आशियाच्या अंतिम सामन्यात, दुभाष्यांच्या मार्फत, पुन्हा बोलले गेले: आमच्यात असे नाही. १९२३ च्या समितीने ज्या दुखण्यावर औषध शोधले, ते शंभर वर्षांनी वरच्या मजल्यावर पुन्हा उपटले.

यावर उपाय काय, ते पाहायला एक लांबची उडी मारू. ऑक्टोबर २०२४, डब्लिनचे क्रोक पार्क. आयर्लंडचा गेलिक फुटबॉल हा तिथला मातीतला खेळ, गावागावांतून हौशी खेळाडू खेळतात, आणि तो चालवणारी संघटना १८८४ पासूनची आहे. त्यांच्याही खेळाला रिकाम्या चढाईसारखाच रोग झाला होता. सगळे गडी मागे ओढायचे, चेंडू आडवा खेळवत राहायचा, प्रेक्षक जांभया देतात. डब्लिनचे माजी प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने लोकांची मते मागवली, प्रस्ताव मांडले, आणि ते संमत होण्याआधी प्रांतांचे संघ मैदानात उतरवून खेळवून पाहिले. तुम्ही आज बघता आहात ते हेच सामने. गोलपासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या यशस्वी फटक्याला दोन गुण. प्रत्येक संघाचे किमान तीन गडी समोरच्या अर्ध्यात राहिलेच पाहिजेत, म्हणजे सगळ्यांना मागे ओढता येणार नाही. नोव्हेंबर २०२४ च्या खास अधिवेशनाने हे नियम २०२५ च्या हंगामापुरते मान्य केले, हंगामभर त्यांत दुरुस्त्या झाल्या, आणि मग ऑक्टोबर २०२५ मध्ये ते कायम झाले. आधी खेळून पाहायचे, मग वर्षभर चालवून बघायचे, मगच पुस्तकात बांधायचे. गावातल्या क्लबपासून अंतिम सामन्यापर्यंत पुस्तक एकच.

आता घरी या. आजची बारामती. एका मैदानावर प्रकाशझोतात सामने चालू आहेत. मॅट भाड्याने आणले आहे, त्याच्या जोडांवर चिकटपट्टी आहे. सरपंच, म्हणजे सामन्याचे मुख्य पंच, शिट्टी तोंडात धरून उभे आहेत, गुणलेखकाच्या टेबलावर फलक आणि घड्याळ. निमगाव केतकीकडून आलेला एक कुमार संघ काठावर बूट चढवतो आहे. वर्षभर मातीत सराव, आणि मॅट फक्त स्पर्धेच्या दिवशी. त्यांचा कोपरारक्षक घोट्याला झेप घेतो आणि पाय मॅटवर चिकटून गुडघा पिळतो. मातीत घसरण्याची त्याच्या अंगाला सवय, मॅट घसरू देत नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या संघांची मुले रोज मॅटवर असतात. नियमपुस्तक दोघांना एकच, पण जमीन दोन. मध्यंतरात त्यांचे मार्गदर्शक पंचांना विचारतात, राखीव क्षेत्राचा नियम आज कुठला धरायचा? पंच सांगतात, सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना सांगितला आहे. म्हणजे अजूनही सामन्याआधी सांगावा लागतो.

म्हणून माझे मागणे स्पष्ट आहे. राष्ट्रीय महासंघ आणि लीग यांनी एकत्र बसून एकच पुस्तक करावे. त्यात बदल झाला की हंगाम सुरू होण्याआधी त्याची मराठी प्रत प्रत्येक तालुक्यातल्या पंचाच्या हातात पडावी. नवा नियम थेट टीव्हीवर उतरवण्याआधी तो तालुक्यांच्या स्पर्धांत खेळवून पाहावा. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात वर्षभर इतके सामने होतात की चाचणीला याहून चांगली जागा शोधावी लागणार नाही. मुली खेळतात तिथेही ती चाचणी व्हावी, कारण मुलांच्या सामन्यांवरून ठरवलेला नियम त्यांच्या लहान मैदानावर वेगळाच वागतो. समितीत माजी खेळाडू असतातच; त्यांच्याशेजारी दोन खुर्च्या अशा पंचांसाठी ठेवाव्यात जे आजही गावच्या मैदानावर शिट्टी वाजवतात. आणि दम ऐकू येत नसेल तर चढाई बाद, हा जुना नियम नव्याने काही न लिहिता फक्त पाळावा.

तुमच्या गावात कबड्डीचे मंडळ असेल तर या हंगामात एक करा. तुमच्या पंचांना बसवून विचारा की कुठल्या नियमावर सर्वांत जास्त भांडणे होतात, ते कागदावर उतरवा, आणि तो कागद जिल्हा संघटनेकडे सही-तारखेसह पाठवा.